कोपरगावला नववा नंबर

निघायचं कारण आधी सांगते, कारण या रस्त्यानं हौसेखातर कुणी जात नाही. बुधवारी सकाळी शेवगावहून माझ्या धाकट्या भावाचा, सुभाषचा, फोन आला. "ताई, शनिवारी कोपरगावला तिचं शेवटचं हाय. तू जाऊन बस तिथं. मला न्हाई बघवत."

'ती' म्हणजे त्याची मुलगी प्रणाली. वय एकोणीस, व्यवसाय मोबाईलवर गेम खेळणे. हसू नका, माझं हसून झालंय. ही व्यावसायिक लीग आहे. सोळा संघ, प्रत्येकी चार खेळाडू, करार, पगार, पंच, सगळं रीतसर. सगळे संघ पडद्यावरच्या एका बेटावर उतरतात, एकमेकांना टिपतात आणि जो जास्त वेळ तगतो त्याला जास्त गुण. आठ आठवड्यांचा हंगाम. तो संपला की पहिले आठ संघ पुढच्या वर्षी लीगमध्ये राहतात, बाकीचे बाहेर. सुभाषनं लेकीला हा एकच हंगाम दिला होता. पहिल्या आठात राहिली तर खेळ, नाहीतर जूनमध्ये डी.फार्मसी आणि नंतर त्याचं मेडिकल दुकान. फोन आला तेव्हा संघ सातवा होता.

सात आठवडे मी पुण्यात, स्वयंपाकघरात फोन टेकवून, हे सामने पाहिले होते. शेवटची फेरी मात्र प्रत्यक्ष व्यासपीठावर, लोकांसमोर होणार होती. पिशवी भरली.

शुक्रवारी पारनेर गाठलं, कारण संघाचा मुक्काम तिथे. पुण्याहून नगरची एसटी धरा आणि सुप्याला उतरा. जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, कंडक्टरच्या तोंडी अजून नगरच. बायकांना अर्धं तिकीट हे शेजारच्या गृहस्थांना इतकं सलत होतं, की शिरूरपर्यंत त्यांनी मला सरकारी तिजोरीची काळजी ऐकवली. शेवटी म्हटलं, "मी अर्ध्या तिकिटात एका सीटवर बसलेय. तुम्ही पूर्ण तिकिटात दीड सीटवर. झाली की फिट्टंफाट." मग ते झोपले. सुप्याहून पारनेरला जीप मिळते, पण कोंबून भरल्याशिवाय हलत नाही. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाबद्दल एवढंच सांगते की पुण्याहून निघतानाच उरकून घ्या.

एका गॅरेजच्या वरच्या मजल्यावर संघ राहत होता. खिडक्यांना पुठ्ठे लावलेले, चार खुर्च्या, चार टेबलफॅन. प्रणाली कप्तान. ती बोलेल तशी बाकीची तीन मुलं हलतात. मी पोचले तेव्हा सराव चालू होता.

"आत्या, बसा. पाच मिनिटं बोलू नका फक्त."

मग ती मुलांना म्हणाली, "डावीकडं, दुसरा मजला. एकटाच हाय. जिना उतरतोय." पडद्यावर मला नुसती भिंत दिसत होती. क्षणात तिथून माणूस आला आणि आडवा झाला.

"तुला कसं कळलं गं?"

"पावलं ऐकली. या खेळात डोळ्यांपेक्षा कान लई कामाचे." तिनं हेडफोन माझ्या कानांवर चढवले. लाकडावरची पावलं वेगळी, वाळूवरची वेगळी. "तुमचीच भाची ना मी? तुम्ही पण आयुष्यभर कानाचंच खाल्लं."

खरंय. छत्तीस वर्षं मी टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होते. आम्ही पोरी अंबाडा मानेवर खाली बांधायचो, वर बांधला की हेडफोन एक बोट सरकतो आणि समोरचा काय बोलतो ते कळत नाही. हे तिला सांगितलं. तिला फार गंमत वाटली. खाली खानावळीत हुलग्याची शेंगोळी मिळाली. तिकडे गेलात तर जरूर खा. त्या प्रवासातलं मनापासून कौतुक करावं असं तेवढंच.

शनिवारी पहाटेच संघाच्या गाडीतून कोपरगावला निघालो. नगर सोडल्यावरच्या रस्त्याला रस्ता म्हणणं हा सभ्यपणा आहे. राहुरीच्या पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर गाणी लावलेली आणि मागच्या दिव्याचा पत्ता नाही. कोपरगाव जवळ आल्याचं मळीच्या वासावरून कळतं. बोटं घामानं पडद्यावर अडकू नयेत म्हणून प्रणाली त्यांना पावडर लावत बसली होती.

स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. लग्नात वधूवर बसतात तिथे सोळा टेबलं, मागे मोठा पडदा. अकराला सुरू व्हायचं होतं. पाहुणे आले दीड वाजता. मग भाषणं. तरुणांनी मोबाईलपासून लांब राहावं, असं पाहुण्यांनी मोबाईलच्या स्पर्धेत अर्धा तास सांगितलं. कुणाला काही वाटलं नाही, टाळ्या पडल्या.

मग जिल्ह्याचा एकमेव संघ म्हणून प्रणालीच्या संघाचा सत्कार. शाल, नारळ आणि केशरी फेटे, पाहुण्यांच्या हस्ते. सत्कार संपला आणि सामन्याची घंटा लगेच वाजली. आयोजकांनी दिलेले मोठे हेडफोनच वापरायचे, म्हणजे निवेदकाचं ओरडणं खेळाडूंना ऐकू जात नाही. ते फेट्यावर बसेनात. पट्टी पुरेना.

पंच आला. "मॅडम, फेटा काढा. एकदा सामना सुरू झाला की डोक्याला हात लावता येणार नाही."

संघाचा मालक इथला कंत्राटदार, सगळे त्याला शेठ म्हणतात. तो खालून ओरडला, "ओ पंचसाहेब! पाहुणे बसलेत अजून. स्वतःच्या हातानं बांधलाय त्यांनी. लगेच काढायचा व्हय? एक म्याच होऊ द्या की! फेट्यानं काय गोळी लागती का?"

लोक हसले. मी पहिल्या रांगेत होते. प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं आणि एक बोट कानाला लावलं.

मी कुणालाही बोलायला घाबरत नाही, हे हा ब्लॉग वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. पण व्यासपीठावर पाहुणे असताना मुलींनी चुळबूळ करायची नाही, हे कॉन्व्हेंटमध्ये आमच्या हाडात मुरवलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्या केशरी फेट्यात पोरगी हुबेहूब माझ्या वडिलांसारखी दिसत होती. मी फोटो काढत होते. हातानंच खूण केली, राहू दे.

तिनं पट्टी हनुवटीखालून घेतली. सामना सुरू झाला. सहाव्या मिनिटाला मागच्या जिन्यानं दुसऱ्या संघाचे दोघं वर आले. मोठ्या पडद्यावर आम्हा सगळ्यांना ते दिसत होते. प्रणालीला ऐकू आले नाहीत. संघ सोळाव्या नंबरवर बाद. निवेदक ओरडला, "यजमान गेले घरी! पण फेटे एकदम कडक!"

मी व्यासपीठाच्या कडेला पाहिलं, तर पाहुण्यांची खुर्ची रिकामी होती. सामना संपायच्या आधीच ते निघून गेले होते.

फेटे काढून उरलेले पाच सामने ती पोरं जिवावर उदार होऊन खेळली. दोनदा दुसरी आली. संध्याकाळी पडद्यावर यादी लागली. नववा नंबर, दोन गुण कमी. शेठ फोनवर कुणाला तरी सांगत होता, "पोरीला कप्तान केलं, तिथंच चुकलं."

"शेठ, चुकलं ते तुमच्या डोक्यात," मी म्हटलं. चांगलं खणखणीत म्हटलं. उपयोग काय? बोलायची वेळ दुपारी होऊन गेली होती.

रविवारी नेवाशामार्गे शेवगावला तिला घरी पोचवलं. जेवताना सुभाषनं विचारलं, "पहिल्या म्याचला काय झालं गं?"

"ऐकू नाही आलं," ती म्हणाली आणि भाकरी मोडली. माझ्याकडे बघितलंही नाही. मी आमटी वाढून घेतली. म्हणजे दुसऱ्यांदा गप्प बसले.

स्टँडवर सोडायला ती आली. गाडी लागल्यावर तिनं पिशवीतून फेटा काढून माझ्या हातात दिला. टोमणा नव्हता तो. असता तर बरं झालं असतं.

"ठेवा आत्या. तुम्हाला आवडला होता."

पुण्यात आल्यावर सोमवारी सुभाषला फोन करून सगळं सांगितलं, माझ्या खुणेसकट. तो म्हणाला, "ताई, ठरलं होतं ते ठरलं होतं. फार्मसीचा फॉर्म आणलाय तिनंच."

काल तो फेटा मी डोक्याला गुंडाळला, वर हेडफोन चढवले आणि त्या पहिल्या सामन्याचं रेकॉर्डिंग लावलं. एक बोट फट राहते. पंख्याचा आवाज येतो, खालच्या रिक्षा ऐकू येतात, निवेदकाचा तो विनोदही येतो. सहावं मिनिट मी चार वेळा मागे घेऊन ऐकलं. जिन्यावरची पावलं काही ऐकू येत नाहीत.