देवाच्या रानातली काडी

वाडीवरून फोन आला तेव्हा मी कासार आंबोलीत होतो. "किसनदादा गेलं..." एवढंच पलीकडचा बोलला, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता खरं काय ते कधीच कळणार नाही. सख्खा मामेभाऊ गेला आणि मला हे सुचलं. महिना होऊन गेला, तरी त्याची लाज वाटते आहे.

आमच्या मुळशीतल्या वाडीने वनहक्क कायद्याखाली रानाचा दावा केला होता. तो मंजूर झाला की कुठलं रान तसंच राखायचं, फिरायला येणाऱ्यांना कुठून वाट द्यायची, पाण्याची टाकी कुठे बांधायची, हे ग्रामसभा ठरवणार. तंबू टाकून पर्यटनाचा धंदा करू पाहणारेही त्याच सुमारास गाड्या घेऊन येऊ लागले होते. दादा समितीचा अध्यक्ष, मी सचिव. पाहणीला आलेल्या साहेबांनी देवराईपाशी थांबून विचारलं, "इथून तुम्ही काय काय आणता?" सगळी वाडी अभिमानाने म्हणाली, "काडीसुदीक न्हाई!" देवराईत गळून पडलेलं फळही आमच्याकडे कोणी उचलत नाही. साहेबांनी मान हलवली आणि पुढे निघाले. वहिवाट नाही म्हणजे देवराई दाव्याबाहेर जाणार, हे दादाने ओळखलं. "आणतो की साहेब. हिरडा, मध, सरपण... मी सोता आणतो."

संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर आमचा म्हातारा चुलता, बबनतात्या, उसळला. "देवाचं सरपण जाळतोस व्हय रं? अन् त्या तंबूवाल्यांशी काय गुलूगुलू चालतं, त्ये बी सांग!"

"तात्या, खोटं बोललो. देवराई कागदावर यावी म्हनून."

"मंग आत्ता खरं बोलतुयास कशावरनं?"

लोक हसले. दादाने माझ्याकडे पाहिलं. लहानपणी देवराईतला आंबा उचलला म्हणून याच माणसाने माझ्या थोबाडीत दिली होती. तेवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण मी मनात म्हणत होतो, इतक्या सफाईने खोटं बोलतो हा?

देवराई दाव्यात आली, दावा मंजूर झाला. तंबूवाले दुसरीकडे गेले. संशय मात्र वाडीतच राहिला. पुढे कधीतरी कायद्याची पुस्तिका मी शेवटपर्यंत वाचली. रान नुसतं राखणं, हाही त्यात हक्कच आहे. दादाला खोटं बोलायची गरजच नव्हती... आणि हे सांगायचं काम सचिवाचं, म्हणजे माझं होतं.

परवा वहिनींना भेटायला गेलो. गॅस संपला होता, चुलीत गोवरी धुमसत होती. त्यांच्याच बांधावर तोडलेल्या बाभळीच्या फांद्या कुजत पडलेल्या मी येताना पाहिल्या होत्या. म्हटलं, "वहिनी, आणून टाकू का?"

"नगं, भावजी. तवापासनं त्यांनी घरात लाकूड येऊ दिलं न्हाई. आपलं सोताचं बी न्हाई. लोक बगत्यात, म्हनायचं."

त्या चहा गाळत राहिल्या. येता-जाता त्यांच्या वळचणीला सरपण रचलंय का, ते मीही वाकून बघत असे.