सुनेशेजारची खुर्ची

आमचं दोघांचं शेवटचं जेवण कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं. अजून तो वास आला की जळफळाट होतो. बायको अर्ध्यातच उठून सुनेशेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. मी कुरकुरलो तर म्हणाली, "तुमचं तोंड रोजच बघते की." सून कम्प्युटरवर दुकानाच्या बिलाचा प्रोग्राम करत होती. तिनं पडद्यावरचं एक बटण काढलं, पण जागा रिकामीच राहिली. बायको म्हणाली, "बाकीची सरकंनात की गं!" "त्यांना सांगावं लागतं, आत्या." सुनेनं तसं लिहिलं, बटणं सरकली आणि बायको टाळ्या वाजवून हसली. माझ्याजवळ कधी एवढी हसली न्हाय. रात्री ती झोपेतच गेली; शेवटचं हसू सुनेला मिळालं. सकाळी माणसं जमायच्या आधी मी ती खुर्ची उचलून माझ्या खाटेजवळ ठेवली आणि सुनेला सांगितलं, "ही आता हितनं सरकणार न्हाय."