डावीकडच्या खुर्चीतल्या कॅप्टनबाई

कॅप्टनबाई कधीच कॅप्टन नव्हत्या. हवाई दलात दहा वर्षं त्यांनी मालवाहू विमानं उडवली, तीही उजव्या खुर्चीत बसून, म्हणजे सहवैमानिक म्हणून. कॅप्टनची डावी खुर्ची मिळायची वेळ आली आणि त्यांना साखर निघाली. वैद्यकीय परवाना गेला. नाव मिळालं ते पुढे, शहराबाहेरच्या प्रशिक्षण केंद्रात, आणि ज्यांनी ते ठेवलं त्यांच्या मनात थोडी टिंगलच होती.

केंद्राच्या उंच हॉलमध्ये तीन सिम्युलेटर होते. सिम्युलेटर म्हणजे लोखंडी पायांवर उभी असलेली एक बंद खोली. आत हुबेहूब कॉकपिट, काचेबाहेर खोटं आकाश, आणि पाय वरखाली होऊन पोटात खरा गोळा आणतात. फौजेतून निवृत्त झालेल्या वैमानिकाला नागरी कंपनीत जायचं तर आधी या खोलीत परीक्षा द्यावी लागे. सुरुवात सहवैमानिकापासून, मग खांद्यावर पूर्वी काहीही असो. तो उजवीकडे बसणार, मग डावीकडे कॅप्टन म्हणून कोणीतरी हवंच. ज्याला जोडीदार नाही त्याला केंद्र माणूस पुरवत असे. तो माणूस म्हणजे बाई. नऊ वर्षं त्या ती खुर्ची भरत होत्या. मदत करायची नाही, अडवायचं नाही, नेमून दिलेलं काम तेवढं करायचं.

"आमची सून जागचं न हलणारं विमान चालवते आणि तरी दमून येते," असं सासूबाई शेजारणींना सांगत. बाईही हसत. त्यांना आकाश सुटल्याचं दुःख होतं, पण ते उगाळत बसायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

फौजेतल्या लोकांना उडवायला शिकवावं लागत नसे. हात सोन्यासारखे. अडायचं ते तोंडाशी. नागरी विमानात एकाची चूक दुसऱ्यानं मोठ्यानं सांगायची असते, तिथल्या तिथे, समोर कॅप्टन असो की कोणी. फौजेत वाढलेल्या माणसाला हे जमता जमत नाही. वरिष्ठाची चूक दाखवणं त्याला उद्धटपणा वाटतो आणि सोबत्याची चूक चारचौघांत दाखवणं हलकटपणा. मग तो मूग गिळून बसतो, नाहीतर गुपचूप हात घालून ती चूक निस्तरतो. दोन्ही गोष्टींना परीक्षेत एकच निकाल.

यावर बाईंनी स्वतःचा एक उपाय काढला होता. केंद्राच्या कॅन्टीनमागे एक अडगळीची खोली होती. तिथल्या भिंतीवर कॉकपिटचं कागदी चित्र आणि समोर प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. परीक्षेच्या आधी महिनाभर बाई आपल्या माणसाला तिथे बसवत. कागदावरच्या बटणांवर बोटं फिरवत आणि मधूनच एक चूक मुद्दाम करत. शेजारचा बोलला, तर चहाचे कप बाई विसळत. पाहून गप्प राहिला, की ते त्यानं विसळायचे.

कमांडर आले त्या महिन्यात बाईंनी एकही कप विसळला नाही.

कमांडरांचं वय चव्वेचाळीस. बावीस वर्षं लढाऊ विमानात एकट्यानं बसलेले. बोलणं मोजकं, वागणं इतकं अदबीचं की दारातून कोणालाही आधी जाऊ देत. दोनदा नापास झाले होते, दोन्ही वेळा न बोलल्यामुळे. तिसऱ्यांदा नापास होईल त्याचं नाव कंपनी यादीतून कापत असे. घरी दोन मुली कॉलेजात, बायकोची नोकरी बदल्यांच्या पायी केव्हाच सुटलेली. हे त्यांनी स्वतः सांगितलं नाही. बायको एकदा डबा द्यायला आली होती, तिनं बाईंना सांगितलं.

"मघाशी मी चाकं न सोडताच उतरले," बाई म्हणाल्या. "दिसलं नाही?"

"दिसलं."

"मग?"

"तुमच्या लक्षात येईल असं वाटलं, मॅडम."

"जमिनीला टेकल्यावर आलं असतं! आणि मॅडम नाही, कॅप्टन. जा, कप विसळा."

महिनाअखेरीस मात्र कमांडर बोलू लागले. आधी पुटपुटले, मग नीट बोलले. शेवटच्या दिवशी त्यांनी बाईंच्या पाचही चुका पकडल्या. बाईंना वाटलं, सुटला बिचारा.

परीक्षा दुपारी होती. मागच्या खुर्चीत परीक्षक, समोर त्यांचा पडदा. त्यावर बोट ठेवलं की विमानात हवा तो बिघाड होई. दोन तास कमांडरांनी दृष्ट लागावी असं विमान उडवलं. शेवटची कसोटी ठरलेली: एक इंजिन बंद, धावपट्टी धुक्यात, उतरणं रद्द करून पुन्हा वर जायचं. वर जाताना पंखांच्या पट्ट्या, म्हणजे फ्लॅप, ठरावीक खाचेपर्यंतच मिटायचे. जास्त मिटले तर एका इंजिनावर पंख विमानाला पेलत नाहीत.

"फ्लॅप पंधरा," कमांडरांनी हुकूम दिला.

"पंधरा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी दांडा पुढे ढकलला. तो पाचवर जाऊन बसला.

ही चूक खरी होती. आठवडाभर बाई दुसऱ्या जातीच्या सिम्युलेटरवर बसत होत्या, हाताला तिथली सवय लागली होती. त्यांच्या ध्यानात यायच्या आत कमांडरांचा डावा हात आला, दांडा मागे ओढून पंधराच्या खाचेत बसवून गेला. तोंडातून अक्षर नाही. नजर समोर. परीक्षक तेव्हा पडद्यावर धुकं हटवायचं बटण शोधत होते. विमान वर गेलं, धुकं संपलं, सिम्युलेटर थांबला.

चर्चेच्या खोलीत गोल टेबल होतं. परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

"छान. याला म्हणतात उडवणं," ते म्हणाले. "कोणाला काही सांगायचं आहे?"

हा प्रश्न ते प्रत्येक वेळी विचारत आणि सगळे प्रत्येक वेळी "नाही" म्हणत. कमांडर टेबलाकडे पाहत होते. त्यांचे खांदे महिन्यात पहिल्यांदा सैल झालेले बाईंना दिसले. त्यांना त्या माणसाची भयंकर कणव आली. गप्प बसणं किती सोपं होतं! त्यांचीही चूक झाकली जात होती आणि दोन मुलींच्या बापाला नोकरी लागत होती. पण उद्या हाच माणूस दीडशे प्रवासी घेऊन उडणार होता, आणि शेजारच्याची चूक अशीच सभ्यपणे, न बोलता निस्तरणार होता. एखाद्या दिवशी हात वेळेवर पोचला नाही तर?

"मला सांगायचं आहे," बाई म्हणाल्या. "वर जाताना मी फ्लॅप पाचवर नेला. पंधरा म्हटलं आणि पाचवर नेला. यांनी तो परत आणला. बोलले नाहीत."

परीक्षकांनी चष्मा काढला. "खरं आहे?"

कमांडरांना नाही म्हणता आलं असतं. "खरं आहे," ते म्हणाले.

परीक्षकांनी दोन कागद भरले. एकावर कमांडर नापास. दुसरा बाईंच्या फायलीत गेला. वर्षात अशा दोन नोंदी झाल्या की महिनाभर खुर्ची बंद आणि नव्यानं प्रशिक्षण, असा नियम होता.

बाहेर गाड्यांच्या आवारात कमांडर थांबले. "बावीस वर्षांत मी सोबत्याला साहेबासमोर कधी खाली पाहायला लावलं नाही," ते म्हणाले. "तुमच्यासाठी केलं मी ते."

"माहीत आहे मला."

"मला तुमचा राग आलाय."

"येणारच," बाई म्हणाल्या. "पण मला सांगितलं असतंत, तर मला कळलं असतं की माझा हात चुकतोय. मला सिम्युलेटरच्या दाराशी येईपर्यंत वाटत होतं, दांडा आपोआप सरकला की काय. घरी जाऊन मी तसंच समजून झोपले असते आणि पुन्हा तेच केलं असतं."

कमांडर गाडीत बसून निघून गेले. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. नवऱ्यानं विचारलं तर म्हणाल्या, "आज एका चांगल्या माणसाच्या पोटावर पाय दिला." बरोबर केलं असं त्यांना वाटत होतं, तरी ताट त्यांनी तसंच झाकून ठेवलं.

कंपनीनं कमांडरांचं नाव कापलं. पाच महिने त्यांची काही खबर नव्हती. मग माल वाहणाऱ्या एका लहान कंपनीनं त्यांची परीक्षा ठेवली. वेळापत्रक सांभाळणारा बाईंना फोनवर म्हणाला, "तो तुमचा कमांडर आलाय. डाव्या खुर्चीला तुम्हीच हव्यात म्हणतो. भांडायचंय की काय त्याला?"

दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, बसले, पट्टे आवळले. परीक्षक तेच. दीड तास सगळं सरळ चाललं. मग परीक्षकांनी कंट्रोल टॉवर होऊन चार हजार फुटांवर थांबायला सांगितलं आणि बाईंनी उंचीच्या यंत्रावर आकडा लावला पाच हजार. हीसुद्धा चूक खरीच होती. मुद्दाम केली असं पुढे कोणी म्हणालं तर बाईंना फार राग येई.

"कॅप्टन, चुकलात!" कमांडर गरजले. "चार हजार! पाच नाही, चार!"

बाई दचकल्या. त्यांनी आकडा बदलला, पुन्हा वाचून दाखवला. मागे परीक्षकांचं पेन कागदावर चाललेलं ऐकू येत होतं.

कमांडर पास झाले. बाईंच्या फायलीत दुसरी नोंद झाली. वेळापत्रकवाल्यानं जिन्याखाली त्यांना गाठून कागद दिला. महिनाभर खुर्ची बंद. कागद वाचूनही बाईंचा चेहरा खुललेलाच होता. त्याला काही उमगेना.

"बाई, तुम्हाला घरी बसवलंय," तो म्हणाला. "हसताय काय?"

"केवढ्यांदा ओरडला हो तो माझ्यावर," बाई म्हणाल्या, "साहेबासमोर!"