फांदीचे दोन गुण

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही — आणि तिच्यासमोर तर मी चोरून खाल्लेली मिरचीची भजीही कबूल करतो. तुम्हाला सांगतो. हसाल? हसा. मलाही हसू येतं, तिथंच तर पंचाईत आहे.

हैदराबाद राज्याची वाटणी व्हायची होती, ते वर्ष. ऑफिसात रोज एकच विषय — कोण औरंगाबादला जाणार, कोण इथंच हैदराबादेत राहणार? आमच्या मराठी कारकुनांचा बास्केटबॉलचा संघ होता. कप्तान गंगाधर, माझा जिवलग. दरवर्षी त्यांची गाठ अंबरपेठेतल्या सलीमभाईच्या संघाशी पडायची, सलीमभाईच्याच मोहल्ल्यातल्या मैदानावर. पंच मी. खेळता येत नव्हतं, म्हणून शिट्टी! जिंकेल त्याच्याकडे पितळी कप वर्षभर राहायचा. त्या वर्षी मात्र गंगाधरचा संघच फुटणार होता, म्हणजे जिंकेल त्याचा कप कायमचा. सलीमभाईनं घरातला कोनाडा आधीच रिकामा करून ठेवला होता.

त्या मैदानावर एका जाळीवर कडुलिंबाची फांदी वाकलेली होती. नियमांच्या पुस्तकाप्रमाणे फांदीला लागलेला चेंडू बाद. तिथला रिवाज असा, की फांदीला लागून जाळीत पडला तरी दोन गुण द्यायचे — झाडही मोहल्ल्याचंच ना! पुस्तक मला तोंडपाठ होतं, तरी दरवर्षी मी कुरकुरत रिवाजच पाळायचो.

आता सांगतो — खरंच सांगतो. त्या शेवटच्या सामन्याच्या पूर्वार्धात गंगाधरनं लांबून चेंडू टाकला. जाळीत! टाळ्या पडल्या. जाळीखाली मी उभा होतो, आणि माझ्या खांद्यावर कडुलिंबाची दोन पानं येऊन पडली. चेंडू फांदीला घासून आला होता, ते फक्त मला कळलं. रिवाजाप्रमाणे गुण द्यायचेच होते, दिले. खांदा झटकला. इथवर माझं काही चुकलं नव्हतं — हो ना?

उत्तरार्धात बाजू बदलल्या. अगदी शेवटी गंगाधरचा संघ एका गुणानं पुढे होता. सलीमभाईनं चेंडू टाकला, सगळ्यांदेखत फांदी हलली आणि चेंडू जाळीत. मोहल्ला नाचायला लागला. आणि मी — मी शिट्टी फुंकली. बाद! का? गंगाधरचं सामान बांधून झालं होतं, आणि त्याच्या हातात तो कप मला बघायचा होता. बस्स, एवढंच. पुस्तक काढून नियम वाचून दाखवला. वर 'नवं राज्य, नवा कायदा' असंही म्हणालो — काय तो रुबाब! सलीमभाईची पोरं अंगावर धावून आली. त्यानंच त्यांना आवरलं. "अंपायर साब बोले तो बोले. किताब में है ना?" मी मान हलवली.

कप औरंगाबादला गेला. सलीमभाईनं कोनाड्यात रेडिओ ठेवला. आठवड्याभरात त्यानं स्वतः झाडावर चढून ती फांदी तोडली — पुन्हा भांडण नको म्हणून. आम्ही सगळे तिच्याच सावलीत बसायचो. माझं मात्र नाव झालं, कडक पंच! विद्यानगरपासून बेगम बाजारापर्यंत मला बोलावणी यायला लागली, आणि मी ऐटीत जात राहिलो.

गेल्या महिन्यात त्याच मैदानावर सलीमभाईनं माझा सत्कार ठेवला. पोरं वाद घालत होती — पंचानं पुस्तक पाळावं की मैदानाचा रिवाज? सलीमभाई हसला. "इनसे पूछो. मेरा बी लिहाज नै करे, मियाँ!" सगळे माझ्याकडे, दोस्ताचीही भीड न ठेवणाऱ्या पंचाकडे, बघायला लागले.

मी काय सांगणार? रिवाज पाळला असता, तर दोघांचेही फांदीचे गुण धरले असते आणि सलीमभाई एका गुणानं जिंकला असता. पुस्तक पाळलं असतं, तर दोघांचेही गुण बाद — तरीही सलीमभाईच एका गुणानं जिंकला असता. त्याला हरवायला मला दोन्ही लागली.

"पुस्तक," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. सलीमभाई हार घेऊन पुढे आला, आणि मी मान वाकवली.