आबांचा हापूस स्पॅममध्ये

लोकांना वाटतं, ईमेल पाठवायच्या कामात कसले आलेत किस्से! एसटीच्या कंडक्टरकडे असतील, कोर्टातल्या शिपायाकडे असतील. आमच्याकडे काय, बटण दाबलं की मेल गेला. पण तुम्ही एकदा आबांच्या हाताखाली काम करून बघा. जुना सांगून संपायच्या आत नवा तयार! माझ्या नवऱ्याला तर सवयच लागलीय. मी घरी पोचले की चहाच्या आधी विचारतो, "आज आबा काय म्हणाले?"

आबा म्हणजे आमचे मालक. रत्नागिरीच्या जरा बाहेर त्यांची हापूसची बाग, बागेला लागून पॅकिंगची शेड आणि शेडच्या मागच्या खोलीत आमचं ऑफिस. ऑफिस म्हणजे मी, एक कॉम्प्युटर आणि रिकाम्या खोक्यांचा ढीग. अवघड काही निघालं की एमआयडीसीतून कॉम्प्युटरवाला नितीन येतो स्कूटरवरून. बस्स, एवढीच कंपनी.

आता मुख्य गोष्ट. आबांनी मुंबईच्या दलालाकडे आंबा घालणं केव्हाच बंद केलं. भर मार्केटात त्याला सांगून आले, "पुन्हा तुझ्या गाळ्याची पायरी चढणार नाही!" तेव्हापासून दर वर्षी मोहोर धरला की ते गिऱ्हाइकांना एक पत्र लिहितात, मी ते मेलने पाठवते आणि त्यावर सगळा हंगाम विकला जातो. पत्र पोचलं नाही म्हणून आंबा काही झाडावर थांबत नाही. मग पुन्हा तीच पायरी!

आणि गेल्या वर्षी पत्र पोचलंच नाही.

*

आम्ही आपले वाट बघतोय. फोन नाही, ऑर्डर नाही. आबांच्या बायको, माई, येऊन दोनदा म्हणाल्या, "फोन बिघडलाय काय बघ गो!" शेवटी पार्ल्याच्या एका जुन्या काकूंचा फोन आला, "यंदा बाग विकलीत की काय?"

नितीन आला, त्याने बघितलं आणि सांगितलं, "काका, मेलवाल्या कंपन्यांनी नियम कडक केलेत. तुमचं पत्र सगळ्यांच्या स्पॅममध्ये पडलंय."

"स्पॅम म्हणजे?"

"नको असलेले मेल टाकायची जागा. लॉटरी लागली, लोन घ्या, असले मेल असतात बघा, ते."

आबा खुर्चीतून उठले. मग म्हणाले, "म्हणजे त्या चोरांच्या पंगतीला माझा हापूस?" त्या दिवशी ते खरंच जेवले नाहीत.

मग एकेकाला फोन करून सांगायचं काम माझ्याकडे. "स्पॅम उघडा, आमचं पत्र शोधा, ते उचलून वर इनबॉक्सात ठेवा." नितीन म्हणाला होता, कुणी असं वर काढून ठेवलं तर त्याच्याइतकी मोठी शिफारस नाही. पार्ल्याच्या काकूंनी उघडलं स्पॅम. आत आमचं पत्र, आणि त्यांच्या सोसायटीच्या वर्षभराच्या सगळ्या नोटिसा! मी म्हटलं, "काकू, त्यापण काढून ठेवा वर."

"छे छे, त्या बऱ्या आहेत तिथेच!"

असा कसाबसा तो हंगाम निघाला. पण आबांची झोप उडाली ती उडालीच. यंदा पुन्हा असं झालं तर दलालाला फोन करण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

*

यंदा नितीनने पावसाळा संपल्यापासूनच कामाला सुरुवात केली. म्हणाला, "पहिलं काम, हे पत्र खरोखर तुमच्याचकडून आलंय, दुसरं कुणी तुमचं नाव लावून पाठवत नाहीये, हे सिद्ध करायचं."

दुसऱ्या दिवशी आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून हजर. पिशवीत सातबारा, आधार कार्ड आणि सरपंचाचा दाखला.

"चल. ऑफिस कुठं त्यांचं? कोल्हापूरला?"

नितीन हसू दाबत म्हणाला, "काका, कुठं जायचं नसतं. मी इथूनच सेटिंग करतो. तिकडे मशीन तपासतं."

"साहेब कोण नाहीच?"

"नाही."

आबा खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत त्यांचं अडलेलं कुठलंच काम आंब्याच्या पेटीशिवाय सुटलेलं नाही. "मग पंचाईत आहे रे," ते म्हणाले. "मशीनला पेटी पोचवायची कशी?"

*

नितीनने सुचवलं, पाठवायचा पत्ता असा ठेवू की त्यावर कुणी उत्तर धाडू शकणार नाही. मोठ्या कंपन्या ठेवतात.

आबा भडकलेच. "आपण पत्र लिहायचं आणि उत्तर देऊ नका म्हणून सांगायचं? मी काय कोर्टाची नोटीस काढतोय?"

आबांचं पत्र तसं नसतंच. त्यात मोहोरावर तुडतुडा किती पडला, माकडांनी काय नासाडी केली, माईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन, सगळं असतं. आंब्याचा विषय शेवटी कधीतरी येतो. लोक उत्तरं लिहितात ती गुडघ्यावर!

*

खरा तमाशा झाला तो सोडून जायच्या बटणावरून. नियम असा की ज्याला पत्र नको, त्याला एका क्लिकमध्ये नाव काढता आलं पाहिजे आणि ते बटण ठळक पाहिजे.

"पाहुणा आला की आधी दार कुठाय ते दाखवायचं? वा रे वा!" आबा म्हणाले. पण नियमापुढे करतात काय. बटण बसलं, आणि चाचणी म्हणून मी सगळ्यांना दिवाळीच्या शुभेच्छांचं छोटं पत्र पाठवलं.

आणि ठाण्याच्या एका गृहस्थांनी ते दाबलं. आबांनी तडक फोन उचलला. "नमस्कार, रत्नागिरीहून बोलतोय. काय चुकलं आमचं?"

समोरचा माणूस गडबडला. काही चुकलं नाही म्हणाला, डायबेटिस निघालाय, घरात आंबा दिसला की राहवत नाही.

"असं होय! मग औषध वेळेवर घ्या," म्हणून आबांनी फोन ठेवला आणि त्यांना कोकमाच्या आगळाची बाटली धाडून दिली. बिनसाखरेचं. नितीनने डोक्याला हात लावला. "काका, ज्याने नाव काढलं त्याला फोन करायचा नसतो! तक्रार करतील!"

तक्रार कसली! ठाणेकरांनी स्वतःहून पुन्हा नाव घातलं आणि खाली लिहिलं, "फक्त आगळ."

*

एवढं सगळं झालं तरी नितीनचं समाधान होईना. आमचं पत्र पोचलं की काही लोक ते मुद्दाम स्पॅम म्हणून कळवतात, असं त्याला दिसत होतं. कोण ते कळत नाही, फक्त प्रमाण कळतं. आणि ते आमच्यासारख्या चिमुकल्या धंद्याला फार होतं.

म्हणून तो आबांना घेऊन बसला. एकेक नाव वाचायचं आणि विचारायचं, यांनी पत्र मागितलं होतं का?

"हे कोण?"

"तो दलाल."

नितीन उडालाच. "दलालाला पत्र पाठवता?"

"त्याच्या गाळ्यावरच्या सगळ्यांना पाठवतो! कळू दे ना त्यांना, त्यांच्यावाचून आपलं काही अडत नाही ते."

"आणि हे?"

"लोन नाकारलेला बँकेचा मॅनेजर."

"हे?"

"माईच्या बहिणीचे व्याही. लग्नात आमच्या आंब्याला नावं ठेवलेली!"

मी खोक्यांच्या मागे तोंड लपवून हसत होते. इतकी वर्षं आम्ही अर्धी पत्रं गिऱ्हाइकांना पाठवत होतो आणि अर्धी जळवायला! मग ते लोक स्पॅमचं बटण दाबणार नाहीत तर काय आरती ओवाळणार?

एकेक नाव निघत गेलं. शेवटी एका नावावर आबा थांबले. दत्ताराम. त्यांचा सख्खा चुलतभाऊ, बागेला बाग लागून. मधला हद्दीचा दगडी गडगा कुणी सरकवला यावरून दोघांचं बोलणं बंद. माई आणि त्याची बायको बोलतात, हे दोघे नाही.

"यांनी मागितलं होतं?" नितीनने विचारलं.

"तो कशाला मागतोय?" आबा म्हणाले. "काढ."

*

आता शेवटचा किस्सा.

पत्र गेलं. ह्या खेपेला पोचलंसुद्धा! त्याच दुपारपासून फोन वाजायला लागला. माई गुडघा विसरून शेडमध्ये फिरत होत्या. आबा आनंदाने बागेत गेले, मी ऑर्डरी दाखवायला त्यांच्या मागे.

तर गडग्यापलीकडे दत्तारामकाका उभे. आबांकडे न बघता, आपल्याच कलमाकडे बघत बोलले. "यंदा पत्र नाही आलं."

आबांनी इकडेतिकडे बघितलं. मला वाटलं, हे आता तसेच पुढे जाणार. पण ते म्हणाले, "तू कधी वाचलंस?"

"दर वर्षी वाचतो. एकदा रागात ते स्पॅमचं दाबलं होतं, तेव्हापासून तिथेच येतं. मी तिथे जाऊन वाचतो." काकांचा आवाज चढला. "यंदा तिथंपण नाही! काढलंस मला?"

आबा तसेच मागे फिरले. परत ऑफिसात आले आणि नितीनला फोन लावायला सांगितला.

नितीन ओरडलाच. "काका, आत्ता कुठे मार्गी लागलंय! तो माणूस पुन्हा स्पॅम दाबेल!"

"मागितलंय ना त्याने? नियमात बसतं. दाबू दे मग." आणि माझ्याकडे वळून, "स्मिता, घाल गो त्याचं नाव."

मी नाव घातलं, पत्र पाठवलं. आबा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले ते उठेचनात. ऑर्डरी येत होत्या, त्यांच्याकडे बघेनात. माई चहा ठेवून गेल्या, तो गार झाला.

संध्याकाळी उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं.

"पोचलं. स्पॅममधून उचलून वर ठेवलंय. वहिनीचा गुडघा बरा आहे वाचून बरं वाटलं. कोवळा फणस काढलाय भाजीचा, गडग्यावर ठेवलाय."

आबा उठले, चपला शोधायला लागले. तेवढ्यात फोन वाजला, कुणी मोठी ऑर्डर देत होतं, मी हातानेच त्यांना थांबा म्हटलं.

"त्यांना सांग, जरा वेळाने करा," आबा दारातून म्हणाले. "फणस उचलायला चाललोय."