एजाजले आधीच कसं मालूम होतं?

मी एजाजले लय खेपा सांगतलं होतं, लोकायच्या भल्यासाठी एवढा जीव जाळू नको. पन आयकन तं तो एजाज कसला!

आमच्या अकोल्याकडच्या मालेगावात उदयसिंग शेठच्या दालमिलमंधी मी काट्यावर आहो, गाड्या तोलतो. मिलचे सारे कॉम्प्युटर एकमेकाले जोडलेले, काट्याचा, बिलाचा, गोदामाचा. त्यायची देखभाल एजाजकडं होती. जऊळक्याचा खतवाला, मंगरूळपीरचा एक दवाखाना, सारे त्याच्याच भरवशावर. मोटरसायकलवर फिरे अन् सगळ्यायचे पासवर्ड त्याच्या डोक्यात. सख्ख्या भावाले कपाटाची चावी न देनारे लोक त्याले पासवर्ड देत.

काम काय, तं अपडेट टाकनं. कंपनी कळवते, तुमच्या कॉम्प्युटरमंधी चोर शिराले इथं फट हाये, बुजवून घ्या. एजाज एकेका कॉम्प्युटरवर ते टाके, बंद करून चालू करे, सारं नीट हाये का पाहे. तासाभराचं काम. पन तेवढ्या वेळात गाडी तोलता येत नाई, म्हनून शेठचं तोंड वाकडं.

त्या खेपेले तं हद्दच झाली. एजाज म्हने, "शेठ, हे आजच टाका लागते. लय मोठी फट हाये."

शेठनं कॅलेंडरकडं बोट केलं. "पितृपक्ष चालू हाये. नवीन काई टाकू नको. घटस्थापनेले टाक, नारळ फोडू."

"हे नवीन नाई शेठ, जुन्याचीच दुरुस्ती हाये."

"तुले काय समजते त्यातलं?"

एजाज तरी रोज येऊन इनवन्या करे. "एक दिवस सारं बंद पडन, शेठ," म्हने. शेठ मोबाइलमंधून डोकं वर काढत नव्हता.

अन् पडलंच की बाप्पा! घटस्थापनेच्या आधीच एका सकाळी साऱ्या कॉम्प्युटरवर एकच मजकूर, तुमचा हिशेब कुलपात हाये, पैसे द्या तं उघडू. गाड्या गेटाबाहेर उभ्या. शेठ पांढराफटक. एजाज धावत आला, तं शेठनं त्याची कॉलरच धरली.

"तुले आधीच कसं मालूम होतं?"

मी मंधात पडलो. "शेठ, त्यानं तुमाले किती खेपा सांगतलं होतं!"

"तेच तं म्हनून राह्यलो मी," शेठ म्हने.

दुपारी एजाज ठाण्यात. चहाच्या हॉटेलात लोक काय काय बोलले ते मी सांगत नाई. पोराचं नाव एजाज हाये, तुमी समजून घ्या. त्याची माय जैतुनबी डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून राहे. मले तिच्याकडं पाहवत नव्हतं. मंग शहरातून तपासवाले आले तवा निंघालं, चोर परदेशातले, अन् शिरले त्याच फटीतून. एजाज सुटला. शेठनं माफी मागावी? अहो, कायची माफी! त्यानं एजाजच्या जागी अकोल्याचा मानूस ठेवून घेतला.

सुटल्यावर एजाज घरी बसला नाई. एकेका गिऱ्हाइकाकडं गेला अन् म्हने, पासवर्ड बदलून टाका, माह्याजवळ आता काईच नको. जऊळक्यात बदलला, मंगरूळपीरले बदलला. राहू दे ना बाबा, असं एकानंबी म्हटलं नाई. नवा पासवर्ड त्याले कोनी सांगतला नाई, अन् मंग कामालेबी बलावलं नाई.

शेवटी आला तो माह्या घरवालीच्या, सुकेशनीच्या, झेरॉक्सच्या दुकानात. तिथला कॉम्प्युटरबी तोच पाहे, अन् तिथंबी म्हने, पासवर्ड बदलून टाका. माह्या तं डोक्यातच गेलं.

"अबे, आमी कवा शक घेतला तुह्यावर? उद्या पोट कायच्यावर भरशीन?"

"भाऊ, उद्या तुमचं काई बिघडलं, तं तुमालेबी माह्याकडं शकानं पाहा लागन. तेवढं मले सहन नाई होनार."

सुकेशनी म्हने, "मले काई सुचत नाई एजाजभाऊ. नवा पासवर्ड तुमीच टाका."

तो खुर्चीतून उठला. भिंतीकडं तोंड करून उभा राह्यला अन् दोनी हातानं डोये झाकून घेतले.

"टाका वहिनी. मी पाहून नाई राह्यलो."

सुकेशनीचं बोट काई चालेना. ती नुसती रडत बसली.

"झालं का वहिनी?" भिंतीकडं तोंड करूनच तो इचारून राह्यला होता.