सगळ्यांनी एकदम दाबा

काम बिघडलं की माणसं घाबरतात. आमचे नाना काम सुरळीत चाललं की घाबरायचे. स्क्रीनवर सगळं झकास दिसलं की चष्मा पुसत म्हणायचे, "बठ्ठं बेस चाली ऱ्हायनं ना ताई, म्हनीसन त माले भ्याव वाटस." नानांचं गाव धुळ्याकडचं. एरवी ते आमच्यासारखंच बोलत, घाबरले की अहिराणीत शिरत. म्हणजे जवळजवळ दिवसभर अहिराणीच.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. जळगावात एका दालमिलच्या माडीवर आमचं कॉम्प्युटरचं ऑफिस. नाना तिथले प्रोग्रॅमर, मी त्यांच्या हाताखाली. एका शिक्षणसंस्थेचे निकाल इंटरनेटवर दाखवायचं काम मिळालं, आणि नानांनी ते दोन पद्धतींनी लिहिलं. पहिलीत प्रत्येक विचारणाऱ्यासाठी वेगळा प्रोग्रॅम सुरू व्हायचा, निकाल दाखवून बंद पडायचा. बिनचूक, पण संथ. दुसरीत एकच प्रोग्रॅम सतत जागा राहून सगळ्यांना उत्तरं द्यायचा. तो कसला पळायचा!

निकालाच्या आदल्या दिवशी तुलना झाली. सगळ्यांना कॉम्प्युटरपुढे बसवून नाना ओरडले, "एकदम दाबा!" दुसरी पद्धत फारच पुढे गेली. मालक खूश. नाना मात्र पांढरेफटक. त्यांनी पाहिलं होतं, की आमचे वयस्कर हिशेबनीस आबा बटण दाबेपर्यंत कोणीच दाबलं नव्हतं. "आबा, आधी तुम्ही," मग थोरली माणसं, मग आम्ही. खानदेशात वाढलेली माणसं, दुसरं काय करणार?

"आज कोणी कोणाचा मान ठेवायचा नाही!" नाना म्हणाले. या वेळी खरोखरच एकदम दाबलं. मी माझ्या पुढ्यातल्या यादीतला नंबर टाकला होता. नाव आलं भलत्याच मुलीचं, खाली 'नापास'. दोन नंबर एकदम आले की त्या पळणाऱ्या प्रोग्रॅमची गल्लत होत होती. दुरुस्तीला वेळ नव्हता.

"एखाद्याचंच होईल हो असं," मालक म्हणाले. "उद्या संस्थेची माणसं इथे येऊन बसणार आहेत. वेगवान लावा."

एरवी मालकांपुढे खुर्चीत नीट न टेकणारे नाना उठून उभे राहिले. "एखादं लेकरू जीव देई टाकी, भाऊ. मी लावाव नही."

त्यांनी संथ पद्धतच लावली. दुसऱ्या दिवशी पान उघडता उघडेना. फोनवर शिव्या आल्या, पाहुणे चहा न घेता उठले, काम हातचं गेलं. संध्याकाळी मालकांनी नानांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

नाना शांतपणे डबा पिशवीत ठेवत होते. मला रडू आवरेना. "नाना, आता कसं व्हायचं तुमचं?"

"धुळ्याले क्लास काढसू," ते हसले. "बठ्ठासले आपापला निकाल भेटना ना, ताई?" खरंच, उशिरा का होईना, ज्याचा त्याला मिळाला होता.

इतके निर्धास्त नाना मी कधीच पाहिले नव्हते. ते जिना उतरून गेले, आणि मला धडकी भरली. उद्यापासून मालकांना नाही म्हणायला त्या खुर्चीत मी असणार होते.